जोर मारणाऱ्या हातांनी खराटाही धरावा

कोल्हापूरच्या कुठल्याही जुन्या तालमीत कुस्तीच्या आधी हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, खणावा लागतो. पोरं फावडं घेऊन तांबडी माती उकरतात, ढेकळं फोडतात, पाणी मारतात, पुन्हा सपाट करतात. हळद, ताक, तेल, लिंबू मातीत पडतं ते अधूनमधून. खणणं मात्र नेमाचं. खांदे, कंबर, मांड्या त्या खणण्यातच तापून निघतात आणि मग जोड लागते. वस्ताद त्या खणण्याला मेहनतीतच धरतात. जागेची निगा आणि शरीराची मेहनत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तालमीनं कधी मानलंच नाही. ज्या मातीत लोळायचं ती आपणच खणायची, हा तिथला रिवाज.

माझी मागणी साधी आहे. शहरातल्या तालमी, जिम, रनिंग आणि सायकलिंगचे ग्रुप, रंकाळ्यावर आणि विद्यापीठाच्या आवारात पहाटे फिरणारी मंडळी, या सगळ्यांनी महिन्यातून एकदा आपली मेहनत बाहेर न्यावी आणि तिची सुरुवात शहरातल्या एखाद्या चर्चच्या आवारातून करावी. चर्चच का, हा प्रश्न लगेच येणार. तो टाळायचा नाही, पण आधी मेहनतीबद्दल बोलू.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं. मध्यम हालचाल म्हणजे श्वास वाढतो, घाम येतो, पण शेजाऱ्याशी बोलता येतं इतपत. भरभर चालणं त्यात येतं. पालापाचोळा दाताळ्यानं ओढणं, गवत उपटणं, घमेल्यानं माती वाहणंही त्यातच येतं. खणणं त्याच्या जरा वरचं. आपल्या आज्यांना हे सांगावं लागलं नसतं. पण आज जिममध्ये जाणाऱ्या पोराला ट्रेडमिलचा एक तास हा व्यायाम वाटतो आणि खराट्याचा एक तास हे हलकं काम वाटतं. या वाटण्यात आरोग्यशास्त्र कुठेच नाही. त्यात जात आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

मेहनत आणि उपयोग यांची सांगड घालायची कल्पना जगात अनेक ठिकाणी रुजली आहे. इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस विल्यम बर्ड नावाच्या एका डॉक्टरांच्या पुढाकारानं ‘ग्रीन जिम’ सुरू झालं. लोकांनी जमायचं, अंग मोकळं करायचं आणि मग झाडं लावणं, झुडपं छाटणं, वाटा दुरुस्त करणं अशी कामं करायची. पुढे लंडनमध्ये ‘गुडजिम’ निघालं. तिथली माणसं गटानं धावत एखाद्या कामाच्या जागी जातात, तासभर काम करतात आणि धावत परत येतात. चर्चच्या आवारातलं गवत काढणं, जुन्या थडग्यांभोवतीचा झाडोरा साफ करणं, ही त्यांच्याकडे नेहमीची कामं. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६ हजार चर्च-इमारती आहेत, त्यातल्या बहुतेक संरक्षित वारशात मोडतात, आणि उपासनेला येणारी माणसं मात्र कमी झाली आहेत. म्हणून कधी प्रार्थनेला न जाणारा माणूसही तिथे कुदळ घेऊन जातो, कारण इमारत गावाची आहे असं तो मानतो. स्वीडनमध्ये २०१६च्या सुमारास धावता धावता कचरा उचलण्याची पद्धत निघाली, ती आपल्याकडेही ‘प्लॉगिंग’ म्हणून पोचली.

ही उदाहरणं मी शिकवणीसाठी दिलेली नाहीत. आपल्याकडे याचं मूळ जास्त खोल आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचा, शिक्षण कोल्हापुरात. त्यांनी साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातिधर्मांची पोरं एका पंगतीला बसवली आणि एका कामालाही लावली. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. आज दर रविवारी महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या गडावर पोरं घमेली घेऊन चढतात, बुजलेली टाकी उपसतात, तटबंदीवरची झाडं काढतात. गड चढायला जेवढा दम लागतो तेवढाच टाक्यातला गाळ वर काढायला लागतो, आणि या पोरांना कुणी विचारत नाही की हा व्यायाम की सेवा. कोल्हापूर शहरातही महापालिकेच्या रविवारच्या स्वच्छता मोहिमांत चांगली माणसं आली आहेत. २०१९ आणि २०२१च्या महापुरात तर या शहराच्या अंगातली ताकद सगळ्यांनी पाहिली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. महामार्ग बंद, गावं पाण्यात, आणि तालीम-मंडळांची पोरं माणसं बाहेर काढत होती, रांधत होती, पाणी ओसरल्यावर दुसऱ्यांच्या घरातला चिखल उपसत होती. त्या वेळी कुणाच्या घरातला चिखल, हे कुणी विचारलं नाही.

चिखल ओसरला की मात्र विचारणं सुरू होतं.

म्हणून चर्च. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी. त्यातले बरेच मुंबई-वसईकडचे. कोल्हापुरातला समाज लहान आहे, आणि त्याच्या वाट्याला आलेली आवारं मात्र जुनी आणि ऐसपैस. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आज शाहूपुरी भागात उभं आहे. ते धर्मप्रसारासाठी आले होते, हे लपवायचं कारण नाही. त्यांनी शाळा काढल्या. मागून आलेल्यांनी दवाखाने उभारले. मिरजेचं वानलेस आणि इथलं मेरी वानलेस ही नावं या भागातल्या तीन-चार पिढ्यांना सांगावी लागत नाहीत. तिथल्या खाटांवर सगळ्या धर्मांची माणसं बरी झाली आहेत. आज त्या चर्चमध्ये बसणारी माणसं कुणी परदेशी पाहुणे नाहीत. पाच-सहा पिढ्यांचे कोल्हापूरकर आहेत, उपासना मराठीत करतात, नाताळात करंज्या तळतात, आणि फुटबॉलच्या हंगामात आपापल्या पेठेच्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडतात.

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची जी माळ सुरू केली, तिच्यात जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती यांच्याबरोबर ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं वसतिगृहही होतं. याच महाराजांनी खासबाग मैदान उभं केलं, ते १९१२ मध्ये सुरू झालं. तालमींना राजाश्रय देणारा आणि ख्रिस्ती पोरांच्या शिक्षणाची तजवीज करणारा माणूस एकच होता. तालमीत त्यांची तसबीर लावायची आणि त्यांच्या कामाचा दुसरा अर्धा भाग विसरायचा, हे मला पटत नाही. आणि तालमीचा आपला इतिहास तरी काय सांगतो? बाबूजमाल तालमीत गणपती आणि मोहरमचा पंजा एका छपराखाली बसतात. शहरातल्या कितीतरी तालमींत पंजे हिंदू घरांच्या हातांनी बसवले जातात. दुसऱ्याच्या श्रद्धेच्या जागेची देखभाल ही कोल्हापूरच्या तालमीला शिकवायची गोष्ट नाही.

तरीही आता ती मुद्दाम करावी लागेल, असं मला वाटतं. जून २०२३ मध्ये धार्मिक तणावातून या शहरात जी दगडफेक झाली आणि जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात प्रार्थनास्थळाची आणि घरांची जी मोडतोड झाली, त्यानंतर ‘आमचं शाहूंचं कोल्हापूर’ हे वाक्य नुसतं बोलून भागणार नाही. दगड मारणारे हातही तरुण आणि धडधाकटच होते. जवान शरीरात ताकद साठते, ती कुठे खर्च व्हायची हे त्याच्या गटात ठरतं. वस्ताद, मंडळाचा अध्यक्ष, ग्रुपचा कोच यांच्या शब्दाला त्या वयात आईबापांच्या शब्दापेक्षा जास्त वजन असतं. त्या माणसानं एका रविवारी म्हणावं, ‘चला, आज त्या आवारातलं गवत काढायचं,’ एवढ्यानं पोराच्या डोक्यात शहराचा एक अनोळखी कोपरा ओळखीचा होतो. ज्या फाटकातून तो कधी आत गेला नव्हता, तिथल्या म्हाताऱ्या बाईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला की त्या फाटकाबद्दल त्याला पुढे कुणी काहीही सांगितलं तरी त्याला आधी ती बाई आठवेल. याची मी हमी देत नाही. पण भाषणांपेक्षा याच्यावर माझा भरवसा जास्त आहे.

आता विरोधाचे मुद्दे. पहिला, आपल्या मंदिरांची कामं पडलेली असताना चर्च कशाला? मंदिरांसाठी माणसं येतात, येत राहतील. जत्रेच्या आधी गाव आपोआप उठतो, देवस्थान समित्या आहेत, देणग्या आहेत. जिथे आपले हात आपोआप पोचतात तिथे मुद्दाम मोहीम काढावी लागत नाही. जिथे पोचत नाहीत तिथे काढावी लागते. आणि चर्चपासून सुरुवात म्हणजे चर्चपाशी शेवट नव्हे. पुढच्या महिन्यात दर्गा असेल, जैन बस्ती म्हणजे मंदिर असेल, महापालिकेच्या शाळेचं मैदान असेल, पडीक विहीर असेल.

दुसरा मुद्दा ख्रिस्ती समाजाकडून येऊ शकतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. आम्ही मागितलं का? बहुसंख्य समाजातली तीस-चाळीस दणकट पोरं रविवारी सकाळी एका लहान समाजाच्या आवारात शिरणार, हातात कोयते आणि कुदळी. यात उपकाराचा वास येऊ शकतो, आणि आजच्या हवेत भीतीही वाटू शकते. म्हणून आमंत्रण त्यांचंच हवं. आधी दोघा-तिघांनी जाऊन मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, पास्टरांना आणि पंचांना भेटायचं, काय काम आहे ते त्यांनीच सांगायचं, कधी यायचं ते त्यांनीच ठरवायचं. रविवार सकाळ ही त्यांच्या उपासनेची वेळ, म्हणून बहुधा शनिवारच सोयीचा पडेल. त्यांनी ‘नको’ म्हटलं तर नमस्कार करून परत यायचं. आणि त्यांची पोरंही कामात हवीत. आपण काम करतो आणि ते बघतात, असं झालं की सगळं फसलं. पुढे ती पोरं तालमीच्या हौद्यात उतरली, पुढच्या महिन्यात मारुतीच्या पारावरचा चौथरा धुवायला आली, की देणंघेणं सारखं होईल.

झेंडे नकोत. घोषणा नकोत, कुठल्याच देवाच्या नकोत. पुढाऱ्याचा फ्लेक्स नको, कारण फ्लेक्स आला की काम फोटोपुरतं उरतं. नगरसेवक येणार असेल तर त्यानंही घमेलं उचलावं.

तिसरा मुद्दा मजुरीचा. फुकट काम करणारे आले की माळ्याचा, सफाई कामगाराचा रोजगार जातो, अशी शंका रास्त आहे. म्हणून जे काम एखाद्या माणसाच्या पगारात बसतं त्याला हात लावायचा नाही. वर्षानुवर्षं साचलेलं, ज्यासाठी मंडळीकडे पैसाच नाही, तेवढंच उचलायचं. आवाराची देखभाल करणारा जो शिपाई किंवा माळी असेल तो त्या दिवशीचा वस्ताद. त्याला जागा माहीत असते, पाणी कुठे तुंबतं, साप कुठे निघतो, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही. त्याचा शब्द मानायला शिकणं हाही त्या पोरांचा व्यायामच आहे.

इथेच मघाचा जातीचा मुद्दा येतो. आपल्या समाजात खराटा पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या आणि घरात बायकांच्या हातात दिला गेला. म्हणूनच मघाच्या पोराला डंबेल उचलणं मर्दानी वाटतं आणि केर काढणं कमीपणाचं. अशा मोहिमांतही हेच घडतं: पुरुष कुदळ घेऊन पुढे, बायका झाडायला आणि चहा करायला मागे. हे होऊ द्यायचं नसेल तर आधीच ठरवून टाकावं. पहिला तास सगळे पुरुष झाडतील. खणायचं, उचलायचं काम ज्या बायकांना करायचं असेल त्या करतील. चहा पुरुष करतील. यात गंमत नाही, हा कार्यक्रमाचा गाभा आहे. ५७ टक्के बायका पुरेशी हालचाल करत नाहीत असा आकडा येतो तेव्हा त्यामागे दिवसभर घरात राबून स्वतःच्या शरीरासाठी एक तासही न मिळणाऱ्या बायका असतात. तालीम त्यांच्यासाठी नव्हती, जिम परवडत नाही, एकटीनं पहाटे पळायला रस्ता सुरक्षित वाटत नाही. गटानं, ओळखीच्या माणसांत, उघड्या हवेत होणारी मेहनत त्यांना जमू शकते; फक्त ती घरच्याच कामाची दुसरी पाळी होता कामा नये.

कामाची पद्धतही महत्त्वाची, कारण उत्साहानं जुन्या वास्तूंचं जेवढं नुकसान झालं तेवढं दुर्लक्षानंही झालं नसेल. कितीतरी देवळांच्या कोरीव दगडावर ऑइलपेंट भक्तीनंच चढला. जुनं चर्च असेल तर दगड चुन्यात बसवलेला असण्याची शक्यता मोठी. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगडच झिजायला लागतो. म्हणून सिमेंट नाही, ॲसिड नाही, तारेचा ब्रश नाही. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप दिसलं की हात शिवशिवतात, पण ते ओढून उपटलं तर मुळाबरोबर चुनाही येतो आणि भिंतीत भोक पडतं. वरून कापून ठेवावं आणि मुळाचं काय करायचं ते जाणकाराला विचारावं. छपरावर कुणी चढायचं नाही, कितीही पिळदार शरीर असलं तरी. कौलं आपल्या वजनासाठी नसतात. शाकारणी हे कसबी माणसाचं काम आहे. त्याची मजुरी गटानं वर्गणी काढून द्यावी.

मग पोरांसाठी काय उरतं? भरपूर. पडलेली पानं आणि तुंबलेली गटारं. फाटकापासून दारापर्यंतची वाट. दफनभूमीतलं कमरेइतकं गवत, जिथे आपल्या माणसाच्या थडग्यापर्यंत म्हाताऱ्या नातेवाइकांना पोचता येत नाही. कुंपणाच्या पडलेल्या दगडांची पुन्हा रचाई. बाकं बाहेर काढून ऊन दाखवणं. आणि गाजर गवत, जे १९५०च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा दिसलं आणि आता महाराष्ट्रात कुठे नाही असं नाही. ते फुलावर येण्याआधी मुळासकट उपटावं लागतं. अंगावर खाज, दम्याचा त्रास त्यानं होतो, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा. ज्याला दमा आहे त्यानं दुसरं काम घ्यावं. उंच गवतात आधी काठी आपटावी, पायात गमबूट असावेत, घोणस आपल्याकडे दुर्मीळ नाही. तालमीत शिकलेलं इथे थेट कामाला येतं: पाठीतून न वाकता गुडघ्यातून बसून वजन उचलणं, दमाचा हिशेब ठेवणं, जोडीदाराकडे लक्ष ठेवणं.

दिवसाचं गणित अवघड नाही. पहाटे जमायचं, तीन-चार किलोमीटर पळत किंवा भरभर चालत चर्चपर्यंत जायचं, दहा मिनिटं अंग मोकळं करायचं, दीड तास काम, मग ताणाचे व्यायाम, आणि चालत परत. ज्यांना पळता येत नाही त्यांनी थेट यावं. साठीच्या माणसांना बसून करायची कामं असतात, खुरपणी, बाकांना पॉलिश. आठवड्याच्या १५० मिनिटांतला मोठा हिस्सा एका सकाळीत होतो. उरलेला तालीम आणि रंकाळा पुरा करतील.

वर्षातल्या कुठल्या वेळी सुरू करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. नाताळात नको. त्या वेळी मंडळी स्वतःच आवार सजवतात, रंग देतात, आणि बाहेरचे फोटोसाठी येतात. मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात जावं, मिरगाच्या आधी, जेव्हा गटारं मोकळी करायची असतात, पाला उचलायचा असतो आणि कडक उन्हात कुणी यायला तयार नसतं. मग पहिला चांगला पाऊस पडून माती मऊ झाली की पुन्हा एकदा, गाजर गवतासाठी. तेव्हा ते मुळासकट हाताला येतं. या दोन फेऱ्या जमल्या तर पुढचं वेळापत्रक मंडळीचे पंच आणि तालमीचे वस्ताद एकत्र बसून ठरवतील, आणि त्यात तालमीचा हौदा खणायचा दिवसही असावा.